मधुमेहींच्या रक्ततपासणीबाबत सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मधुमेही रुग्णांच्या वार्षिक तपासणीत साखरेखेरीज कोणते आकडे असावेत

महोदय,

मधुमेह झालेल्या माणसाचा मृत्यू बहुतेक वेळा हृदयविकार, पक्षाघात किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने होतो. डोळ्यांच्या पडद्याचे आणि पायांतल्या नसांचे नुकसान त्याच्या बरेच आधी सुरू झालेले असते. यांपैकी पुष्कळशा आजारांच्या खुणा रक्तात आणि लघवीत कित्येक वर्षे आधी मोजता येतात. सरकारी आरोग्य केंद्रातल्या मधुमेहीच्या कार्डावर मात्र रक्तदाबाखेरीज मुख्यतः एकच आकडा चढतो, तो म्हणजे बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर पाहिलेली साखर. आजार ओळखण्यासाठी तो उपयोगी आहे. पुढच्या दहा वर्षांत त्या माणसाचे काय होईल, याबद्दल तो फार थोडे सांगतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभरातले निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात प्रौढांमधले प्रमाण 26.4% आढळले, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्राची पाहणी पहिल्याच टप्प्यात झाली होती. 2011 मध्ये आलेल्या त्या आकड्यांत इथले प्रमाण 8.4% होते, आणि ते आता तितकेच राहिले असेल असे मानायला काही आधार नाही. त्याच पाहणीतून 2022 मध्ये पुढे आलेली दुसरी आकडेवारी अधिक अस्वस्थ करणारी आहे. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यापैकी साखर आटोक्यात असलेले 36.3%, रक्तदाब आटोक्यात असलेले 48.8% आणि वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, आटोक्यात असलेले 41.5%. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमलेले रुग्ण होते अवघे 7.7%.

साखरेच्या आकड्यापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण तोही वाटतो तितका पक्का नसतो. निदानासाठी उपाशीपोटी 126 मिलिग्रॅम किंवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 200 मिलिग्रॅम ही सीमा जगभर मान्य आहे. ती शिरेतून काढलेल्या आणि प्रयोगशाळेत मोजलेल्या रक्तासाठी आहे. ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात 100 च्या वरच्या आकड्याला 15% इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. म्हणजे खरी साखर 130 असेल तर चांगले यंत्रही 110 पासून 150 पर्यंत काहीही दाखवू शकते. नमुना काढून प्रयोगशाळेकडे पाठवला तर वेगळी अडचण उभी राहते. नळीतल्या रक्तपेशी जिवंतच असतात आणि ग्लुकोज वापरत राहतात. साध्या नळीत खोलीच्या तापमानाला दर तासाला 5 ते 7% साखर अशी नाहीशी होते. दुर्गम भागातल्या केंद्रातून निघालेला नमुना तीन तासांनी तपासला गेला, तर 130 चा आकडा 105 ते 110 होऊन परततो आणि मधुमेही माणूस निरोगी ठरतो. करड्या झाकणाच्या फ्लोराइडच्या नळीने ही घट पुढे थांबते, पण पहिला तास-दीड तास ती चालूच राहते. सायट्रेट असलेली नळी जास्त भरवशाची. राज्यात महालॅब योजनेखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांतले नमुने गोळा होऊन दूरच्या प्रयोगशाळेत जातात, तेव्हा ही बाब किरकोळ मानून चालणार नाही.

‘तीन महिन्यांची साखर’ या नावाने रुग्णांना माहीत असलेली तपासणी, म्हणजे एचबीए1सी, या अडचणीतून बरीचशी सुटते. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी असेपर्यंत चिकटलेलीच राहते. पेशीचे आयुष्य साधारण 120 दिवसांचे. त्यामुळे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. उपाशी राहावे लागत नाही, आणि थंड ठेवलेला नमुना काही दिवस टिकतो. तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळून आकडा सुधारण्याची सोयही उरत नाही. मधुमेहींच्या रक्तातले हे वेगळे हिमोग्लोबिन इराणी संशोधक सॅम्युएल रहबर यांना 1968 मध्ये तेहरानमध्ये दिसले. ते साखरेच्या नियंत्रणाचे माप म्हणून वापरता येईल हे 1976 च्या सुमारास अमेरिकेत दाखवले गेले. निदानासाठी 6.5% ही सीमा अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2010 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये स्वीकारली. 6% एचबीए1सी म्हणजे सरासरी 126, 7% म्हणजे 154, 8% म्हणजे 183, 9% म्हणजे 212 मिलिग्रॅम साखर, असा हिशेब 2008 पासून रूढ आहे.

या आकड्याचे वजन दोन मोठ्या प्रयोगांनी सिद्ध केले. अमेरिका आणि कॅनडात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे 1,441 रुग्ण सरासरी साडेसहा वर्षे दोन गटांत पाहिले गेले. एका गटाचे एचबीए1सी सुमारे 7% राखले, दुसऱ्याचे 9% च्या आसपास राहिले. 1993 मध्ये निष्कर्ष आला तेव्हा, ज्यांचे डोळे सुरुवातीला निर्दोष होते त्यांच्यात पडद्याचा विकार होण्याचा धोका पहिल्या गटात 76% नी कमी भरला. ब्रिटनमधला प्रयोग दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा होता, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांचा. नव्याने निदान झालेल्या 3,867 रुग्णांत दोन गटांच्या एचबीए1सीमध्ये एक टक्क्याहूनही थोडा कमी फरक होता, तरी डोळे आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार 25% नी घटले. हे 1998 मध्ये प्रसिद्ध झाले.

आकडा जितका खाली तितके चांगले, असा अर्थ मात्र यातून काढता येत नाही. अमेरिकेतल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ प्रयोगात 10,251 रुग्ण होते. त्यांचा मधुमेह जुना होता आणि हृदयविकाराचा धोका मोठा. त्यांच्यातल्या एका गटाचे एचबीए1सी 6% च्या खाली आणायचा चंग बांधला गेला. त्या गटात 257 मृत्यू झाले, सौम्य उपचारांच्या गटात 203. 2008 मध्ये प्रयोगाचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. तेव्हापासून तरुण, नव्या रुग्णासाठी 7% च्या खाली आणि सत्तरी ओलांडलेल्या, हृदय किंवा मूत्रपिंड दुखावलेल्या रुग्णासाठी 8% च्या आसपास, असे वेगवेगळे लक्ष्य धरले जाते. एकट्या राहणाऱ्या वृद्धेची साखर इन्सुलिनने 54 मिलिग्रॅमवर उतरली, तर तिला त्या दिवशीचा धोका 8.2% एचबीए1सीहून कितीतरी मोठा असतो. जिल्ह्याच्या आढाव्यात ‘7% च्या आत किती रुग्ण’ हा एकच रकाना ठेवला, तर उपचार करणारे नकळत याच वृद्धेच्या मागे लागतील.

एचबीए1सीची खरी मर्यादा महाराष्ट्राला इतर अनेक राज्यांपेक्षा जास्त जाणवणारी आहे. हे माप तांबड्या पेशीच्या आयुष्यावर उभे आहे. आयुष्य बदलले की साखर तीच असूनही आकडा बदलतो. लोहाच्या कमतरतेने, तसेच बी12 किंवा फॉलिक आम्लाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात पेशी जास्त काळ फिरत राहतात आणि एचबीए1सी खोटे वाढते. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की ते उतरते, आणि श्रेय मधुमेहाच्या औषधाला मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. उलट, पेशी लवकर फुटणाऱ्या आजारांत, अलीकडे रक्त चढवलेले असताना किंवा डायलिसिसवरच्या रुग्णाला रक्तवाढीची इंजेक्शने चालू असताना आकडा खोटा कमी येतो. गरोदरपणातही तो कमी येतो. म्हणूनच गर्भवतींसाठी सरकारी कार्यक्रमात 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात आणि 140 ही सीमा धरतात. ती पद्धत योग्यच आहे.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि नंदुरबार या पट्ट्यांत सिकलसेलचा प्रश्न आहे. ज्याला दोन्ही पालकांकडून सिकलसेलचे जनुक मिळाले आहे, त्याच्या रक्तात नेहमीचे प्रौढ हिमोग्लोबिनच जवळपास नसते. अशा रुग्णाचा एचबीए1सीचा आकडा निरर्थक असतो, मग यंत्र कितीही महाग असो. एकच जनुक असलेला वाहक निरोगी दिसतो, पण मोजणीच्या काही पद्धतींत त्याचाही आकडा चुकतो, काहींत चुकत नाही. कोणती पद्धत वापरली हे अहवालावर छापले तरच ते कळू शकते. जी6पीडी या विकराची कमतरता असलेल्यांचाही एचबीए1सीचा आकडा फसवा ठरू शकतो. राज्यात सिकलसेलच्या तपासण्या वर्षानुवर्षे होत आहेत, कार्डेही दिली जातात. ती माहिती आणि मधुमेहाची नोंद एकाच माणसाच्या नावावर एकत्र आणणे हे काम कागदाचे आहे, पैशाचे नाही. अशा रुग्णांसाठी साखर सरळ वेगवेगळ्या वेळी मोजावी किंवा फ्रुक्टोसामाइनची तपासणी करावी. ती हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी देते. एवढे तरी करावेच की एचबीए1सीच्या शेजारी त्याच दिवशीचे हिमोग्लोबिन छापावे. दोन आकडे शेजारी असले की अनुभवी परिचारिकेलाही शंका घेता येते.

मूत्रपिंडाबाबतची चूक अधिक सरळ आहे आणि तिची किंमत अधिक मोठी. सध्याची रूढ पद्धत अशी की क्रिएटिनिन तपासायचे आणि ते छापील मर्यादेत असेल तर ‘किडनी ठीक’ म्हणायचे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, म्हणून एकाच आकड्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. गाळणीचा दर काढण्याच्या 2021 च्या सूत्राने हिशेब केला तर 1.1 क्रिएटिनिन असलेल्या तीस वर्षांच्या पुरुषाची मूत्रपिंडे मिनिटाला साधारण 92 मिलिलिटर रक्त गाळत असतात. तेच 1.1 पासष्ट वर्षांच्या बाईच्या अहवालावर असेल तर गाळणी 56 वर आलेली असते. 60 च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार ठरतो. दोघांच्या कागदावर मात्र ‘सामान्य’ हाच शब्द येऊ शकतो. उतारवयातल्या, अंगावर मांस नसलेल्या शेतमजूर बायकांमध्ये तर हे सूत्रही परिस्थिती आहे त्यापेक्षा बरी दाखवते. हा गाळणीचा दर, ज्याला ईजीएफआर म्हणतात, काढायला वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढेच लागते. जास्तीची चाचणी नाही, रसायन नाही. संगणकात सूत्र घातले की प्रत्येक अहवालावर तो आपोआप छापला जाईल. राज्यातल्या सर्व सरकारी अहवालांवर तो अनिवार्य करायला एक परिपत्रक पुरेसे आहे.

दुसरी तपासणी रक्ताची नाही, लघवीची आहे, तरी ती या पत्रात यायलाच हवी, कारण मधुमेहातल्या मूत्रपिंडविकाराची पहिली खूण तिथे उमटते. निरोगी गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जवळजवळ बाहेर पडत नाही. लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत अल्ब्युमिन सामान्य मानतात. 30 ते 300 हा इशारा, आणि 300 च्या वर गेले की नुकसान बरेच झालेले असते. केंद्रावरची साधी पट्टी रंग बदलते ती बहुधा या शेवटच्या पायरीवर, म्हणजे ‘लघवीत प्रथिन नाही’ हा तिचा निर्वाळा नेमक्या उपचार करण्याजोग्या काळात फसवा असतो. ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा जोराचे श्रम यांनी आकडा तात्पुरता वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच निदान करावे. वाढलेले अल्ब्युमिन मूत्रपिंडाइतकेच हृदयालाही असलेला धोका दाखवते, हे फारसे कोणाला सांगितले जात नाही.

या टप्प्यावर करण्यासारखे बरेच आहे. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांच्या वर्गातली रक्तदाबाची औषधे अल्ब्युमिनची गळती कमी करतात. ती सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन एकदा पाहावे लागते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या मूत्रपिंड निकामी होण्याची गती कमी करतात, हे 2019 आणि 2020 मधल्या मोठ्या प्रयोगांनी दाखवले. त्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात 2020 मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे 2025 मध्ये संपले, आणि दोन्ही गोळ्या आता स्वस्त पर्यायांत मिळतात. ईजीएफआर 30 च्या खाली गेल्यावर मेटफॉर्मिन बंद करायचे असते. तो आकडाच नसेल तर ते कळणार कसे? राज्य शासन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च उचलते, आणि तो उचलावाच. पण आठवड्यातून दोन-तीनदा वर्षानुवर्षे चालणाऱ्या त्या खर्चापुढे वर्षातून एकदा केलेली लघवीची तपासणी हिशेबात धरण्याइतकीही नाही.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत भारतीय मधुमेहीचा नमुना ठरलेला असतो : ट्रायग्लिसराइड वाढलेले, चांगले एचडीएल कमी, आणि एलडीएल फारसे वाढलेले नाही. त्यामुळे ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल’ हा शेरा सहज पडतो. माणूस सडपातळ असेल तर कोणाला शंकाही येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा भ्रम 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका छायाचित्राने दूर केला. त्यात ते स्वतः आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक 22.3, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1% आणि याज्ञिक यांची 21.2%. अशा शरीरात एलडीएलचे कण आकाराने लहान आणि संख्येने जास्त असू शकतात, आणि नेहमीच्या अहवालात ते दिसत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की जो आकडा उरतो, तो अशा रुग्णांत एलडीएलपेक्षा जास्त विश्वासार्ह असतो. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही आणि खर्चही वाढत नाही. मुख्य मुद्दा वेगळा आहे. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींना एलडीएल कितीही असले तरी स्टॅटिनची गोळी द्यावी, असे आजचे मार्गदर्शन सांगते. 2004 च्या ‘कार्ड्स’ प्रयोगात 2,838 मधुमेहींमध्ये रोजच्या 10 मिलिग्रॅम अ‍ॅटोर्वास्टॅटिनने हृदय आणि मेंदूचे मोठे झटके 37% नी कमी केले. प्रयोग दोन वर्षे आधीच संपवला गेला. स्टॅटिनने साखर किंचित वाढते हे खरे आहे. झटक्याच्या धोक्यापुढे ती वाढ नगण्य आहे.

बाकीच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी12 घटते, आणि शाकाहारी घरांतून ते आधीच कमी असते. पायांची आग, मुंग्या या तक्रारी असल्यास ते तपासावे, कारण ते दुखणे मधुमेहाच्या खात्यावर लिहिले गेले तर साध्या उपचाराने बरे होणारा रुग्ण तसाच राहतो. यकृतातल्या चरबीने घट्टपणा आला आहे का, याचा अंदाज वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून ‘फिब-4’ या सूत्राने काढता येतो, 1.3 च्या खाली असेल तर बहुधा चिंता नाही. हृदय थकत चालल्याची खूण एनटी-प्रोबीएनपी देते, पण ती चाचणी महाग आहे आणि निवडक रुग्णांपुरतीच ठेवावी. खासगी प्रयोगशाळांच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये उपाशीपोटी इन्सुलिनपासून सत्तर-ऐंशी चाचण्यांची भर असते, पण त्यांतल्या बहुतेकांनी मधुमेहीचा उपचार बदलत नाही. शासनाने त्या वाटेने जाऊ नये.

डेन्मार्कमधल्या स्टेनो केंद्राने दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि लघवीत थोडे अल्ब्युमिन असलेले फक्त 160 रुग्ण घेतले होते. निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंड या सगळ्यांवर एकाच वेळी, ठरलेल्या आकड्यांनुसार उपचार झाले. उरलेल्यांवर त्या काळच्या रूढ पद्धतीने. सुमारे आठ वर्षांनी पहिल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचे प्रमाण जवळपास निम्मे होते. एकवीस वर्षांनी मोजले तेव्हा त्या गटाला मध्यकाच्या हिशेबाने 7.9 वर्षे अधिक आयुष्य मिळाले होते. कोणत्याही एका औषधाला हे श्रेय देता येत नाही. सगळे आकडे एकत्र पाहिले गेले आणि प्रत्येक आकड्यावर कोणीतरी काहीतरी केले, म्हणून हे घडले.

विभागाकडे मागणे मर्यादित आहे. नोंद झालेल्या प्रत्येक मधुमेहीची वर्षातून किमान एकदा एचबीए1सी आणि सोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे प्रमाण आणि कोलेस्टेरॉलची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर मोफत व्हावी. एचबीए1सी शक्य तिथे वर्षातून दोनदा व्हावे. सिकलसेलच्या जिल्ह्यांतल्या अहवालांवर मोजणीची पद्धत छापावी. अहवाल मराठीत रुग्णाच्या हातात द्यावा, आणि कोणता आकडा आल्यावर कोणते औषध सुरू किंवा बंद करायचे हे समुदाय आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांना एका पानात लिहून द्यावे. स्टॅटिन, टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन केंद्राच्या औषधसाठ्यात बारा महिने असावेत. गोळी उपलब्ध नसताना केलेली तपासणी रुग्णाला फक्त घाबरवते. यातल्या ईजीएफआरच्या छपाईला आणि हिमोग्लोबिन शेजारी छापायला कोणतीही तरतूद लागत नाही. ते दोन आदेश विभागाने या आर्थिक वर्षातच काढावेत, ही विनंती.